खिळ्याच्या उंचीचा माणूस

माझा धाकटा भाऊ एका मेलेल्या माणसावर जळायचा. जिवंत माणसावर जळणं परवडतं. कधी ना कधी त्याचं काहीतरी बिघडतं, आपल्याला चार दिवस बरं वाटतं, आणि मग आपणच त्याची विचारपूस करायला जातो. मेलेल्याचं आणखी काय बिघडणार? तो आपला भिंतीवरून बघत बसतो आणि त्याचं वयसुद्धा वाढत नाही. त्यात भिंतीवरच्या त्या फोटोला चौकट घातली होती ती माझ्या भावानेच.

आमचं दुकान फोटोच्या चौकटींचं आणि आरशांचं. वडिलांनी सुरू केलं, त्यांच्यामागे आम्ही बहीण-भाऊ चालवतो. गिऱ्हाईक मी बघते. काच कापणं, पट्ट्या जोडणं आणि घरोघरी जाऊन आरसे लावणं हे त्याचं काम. वडील त्याला ‘खुंट्या’ म्हणायचे. एक तर उंची भरली नाही, आणि दुसरं म्हणजे हातात सदा खिळे. पुढे सगळा बाजारच त्याला खुंट्या म्हणू लागला आणि त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं. दिवसातला अर्धा वेळ शिडीवर असणाऱ्या माणसाला बुटका कोण म्हणणार?

आरसा लावायची वडिलांची एक पद्धत होती, ती आम्ही दोघांनी डोळे झाकून उचलली. घरातल्या कर्त्या पुरुषाला अनवाणी भिंतीशी उभं करायचं, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीने खूण करायची, आणि आरशाचा मध्य त्या खुणेवर येईल असा वर खिळा ठोकायचा. बायका काय, थोड्या वर-खाली होऊन बघतात, असं वडील म्हणायचे. आई तिथेच उभी असायची, ती काही बोलायची नाही. या पद्धतीमुळे भावाला एक खोड लागली. कुणाच्याही घरी गेला की आरशाचा खिळा बघून तो मला कानात सांगायचा, इथला मालक एवढ्या उंचीचा. मालक बाहेर यायचा तो तेवढाच. आता गावातले निम्मे आरसे आम्हीच लावलेले, तर दुसरं काय होणार? पण तो त्याला विद्या समजायचा आणि मीही त्याचं कौतुक करायचे.

एक दिवस ती दुकानात आली. येताना वर टांगलेल्या रिकाम्या चौकटीला तिचं डोकं लागलं, इतकी उंच. हातात नवऱ्याचा फोटो होता. तो बसचा ड्रायव्हर, छातीच्या दुखण्याने अचानक गेलेला. फोटोत तो आपल्या जागेवर बसलेला, एक हात चाकावर, दुसरं कोपर खिडकीबाहेर, छाती भरलेली, मान ताठ. भाऊ फोटो बघेना, तिच्याकडेच बघत राहिला. मी साधी पट्टी दाखवत होते, तर हा मधेच म्हणाला, "सागवानी लावू. अशा माणसाला साधी शोभत नाही." पुढे कितीतरी वेळा तो स्वतःवर चरफडला, "कशाला सागवानी लावली मी? वाळवी तरी लागली असती!"

फोटो लावायला तो स्वतः गेला आणि हातोडी तिथेच विसरून आला. हातोडी विसरणारा माणूस तो नव्हे. मी तेव्हाच ओळखलं.

लग्न झालं. दुकानावरच्या दोन खोल्यांत दोन बायका मावल्या नसत्या, म्हणून तोच तिच्या घरी राहायला गेला. खरं सांगायचं तर मला ते मुळीच रुचलं नाही. इतकी वर्षं तो माझ्या हातचा चहा पिऊन दुकान उघडायचा, चहा कसाही असला तरी नावं ठेवायचा, आणि आता तिकडून पोट भरून यायचा आणि कशालाच नावं ठेवायचा नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी तो दुकानात आला तो चेहरा पाडून.

"ताई, दाढी करायला आरशापुढे उभा राहिलो. मला नुसतं कपाळ दिसलं."

"मग?"

"मग काय? टेप लावून बघितला. खिळा त्याच्या डोळ्याच्या हिशोबाने मारलेला. चार बोटं, ताई. माझ्यापेक्षा चांगला चार बोटं उंच होता."

त्याच दिवशी घरी जाऊन त्याने आरसा खाली घेतला आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत नवा खिळा मारला. बायको काही बोलली नाही. वर जुन्या खिळ्याचं भोक तेवढं राहिलं. ते भोक त्याच्या डोळ्यात खुपू लागलं.

मग त्याला सगळ्या घरभर तोच दिसायला लागला. स्वयंपाकघरातली फळी उंच, चहाचा डबा काढायला याला टाचा उचलाव्या लागत. कपड्यांच्या खुंट्या उंच. खिडकीची वरची कडी उंच. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं, पाय देऊन देऊन गुळगुळीत झालेलं. ते बघून तर त्याचा अगदी तिळपापड झाला. "बघ कसला माणूस! सगळं स्वतःच्या उंचीला ठोकून ठेवलं आणि बायकोला एक स्टूल दिलं. आणि तरी ही रोज त्याचा फोटो पुसते."

"अरे, मग विचार ना तिला, कसा होता म्हणून."

"तिच्या तोंडून त्याची उंची ऐकू? त्यापेक्षा जीभ तोडून घेईन."

आणि खरंच त्याने कधी विचारलं नाही. तिनेही आपणहून पहिल्याचा विषय कधी काढला नाही, याला वाईट वाटेल म्हणून. याला वाटायचं, मनात जपून ठेवलाय म्हणून काढत नाही.

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. ती बाहेर पडताना आरशापुढे उभी राहायची ती गुडघे मोडून, पाठीत किंचित वाकून, मान तिरकी करून. तशीच केस बांधायची. मी मनात म्हणायचे, या वयात काय हे ठुमकणं! घरी येऊन शेजारणीला मी तिची नक्कलही करून दाखवली. शेजारीण पोट धरून हसली.

हे असंच जळफळत चाललं असतं, पण एका दवाखान्याचं काम आलं. हाडांच्या डॉक्टरांना वेटिंगरूममध्ये लावायला काही फोटो चौकटीत बसवून हवे होते. एकेका चौकटीत दोन खिडक्या. डावीकडे माणूस ऑपरेशनच्या आधी, उजवीकडे नंतर, तोच माणूस, तीच भिंत, पण उजवीकडचा उंच. भाऊ काच पुसता पुसता थांबला. फोटोंमागच्या भिंतीवर विटा होत्या. डावीकडे डोकं कुठल्या विटेपर्यंत आणि उजवीकडे कुठल्या, हे तो बोट लावून मोजत राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "चार बोटं सहज दिसतायत."

मी कपाळाला हात लावला. रागावले, हसले, त्याच्या वयाची आठवण करून दिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी एकटा जाऊन फसायला नको म्हणून मीच त्याच्याबरोबर गेले. बायकोला त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

डॉक्टर टेबलामागे बसले होते. आवाज शांत, बोटं लांबसडक. त्यांनी प्लास्टिकचं एक हाड उचललं आणि मधेच कट्‌कन दोन तुकडे केले.

"हे असं कापायचं," ते म्हणाले. "मांडीचं किंवा नडगीचं. आत एक दांडी बसते. मग रोज एक मिलिमीटर, असे हे तुकडे एकमेकांपासून दूर न्यायचे. मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. हाड ऐकतं. पण स्नायू, नसा इतक्या लवकर ऐकत नाहीत, त्या ओढल्या जातात. दुखतं. बरेच महिने कुबड्या आणि व्यायाम. कुणाचा घोटा आखडतो. कुणाचं हाड नीट भरत नाही. कुणाला परत टेबलावर घ्यावं लागतं."

"चार बोटं होतील का?" माझ्या भावाने विचारलं. एवढं सगळं ऐकून त्याने हेच विचारलं.

डॉक्टरांनी त्याचा हात बघायला मागितला आणि बोटांवर पट्टी धरली. "तुमच्या बोटांनी हे सात-साडेसात सेंटीमीटर झालं. एका हाडातून एवढं म्हणजे टोक झालं."

"पण होतील."

"होतील. काम काय करता?"

"आरसे लावतो. शिडीवर."

"मग शिडी विसरा. निदान दोनेक वर्षं. त्यानंतरचंही मी लिहून देणार नाही."

शिडी म्हणजे आमचं अर्धं दुकान. तरीही त्याची मान नाही म्हणून हलली नाही. डॉक्टर त्याच्याकडे बघत म्हणाले, "पत्नी उंच आहेत का तुमच्या?"

"आहे. पण तिचा यात काय संबंध?"

"नाही, लोक येतात ते 'होईल तेवढं करा' म्हणतात. तुम्ही नेमकं मोजून आलात."

खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी मूग गिळून बसले. मेलेल्या माणसाची बरोबरी करायचीय, हे डॉक्टरला कुठल्या तोंडाने सांगायचं?

डॉक्टर उठून दारापर्यंत आले आणि मी बघतच राहिले. उभे राहिल्यावर ते जेमतेम माझ्या भावाएवढे. भावाने लगेच पकडलं. "डॉक्टर, मग तुम्ही स्वतःचे पाय का नाही करून घेतले?"

"मला माझे रोज लागतात," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी तारीख देत नाही. दांडी मी बसवेन, पण त्यानंतर तुम्हाला उठवायला-बसवायला, बाथरूमला न्यायला घरचं माणूस लागतं."

"मी नेईन की," मी म्हटलं.

"तुम्ही बहीण," डॉक्टर म्हणाले, जणू मी वेटिंगरूममधली खुर्चीच. मला राग आला. खरं तर एव्हाना माझ्या मनात येऊन गेलं होतं, पाय मोडून पडला तर आयता माझ्याकडे परत येईल. असले विचार येतात, त्याला मी काय करू?

बायकोला त्याने सांगितलं, गुडघा दाखवायचाय. ती थर्मास घेऊन, चांगली साडी नेसून आली. वेटिंगरूममध्ये भिंतीवरच्या आमच्या चौकटी बघून म्हणाली, "छान झाल्यात. पण ही माणसं दोन-दोनदा का लावलीत?" तेवढ्यात आम्हा तिघांना आत बोलावलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी तिला सरळच विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे का?"

"काय मान्य?"

डॉक्टरांनी भावाकडे बघितलं, आणि मग पुन्हा ते प्लास्टिकचं हाड हातात घेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती. कट्‌कन हाड मोडलं तेव्हा तिने थर्मास छातीशी धरला.

"पाय कापून घेणार तुम्ही?" ती नवऱ्याला म्हणाली. "चांगले चालते पाय? कशासाठी?"

त्याने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मी कधी काही म्हटलं का? उंचीवरून कधी एक शब्द तरी? लोकांनी मला म्हटलं असेल, ताडासारखी वाढलीय म्हणून. मी तुम्हाला म्हटलं?"

"तू म्हटलं नाहीस," तो म्हणाला. "म्हणायचं काय त्यात? रोज दिसतं मला. चार बोटं उंच होता तो. फळ्या त्याच्या, खुंट्या त्याच्या. आरसा खाली घेतला तरी वर भोक आहेच. मी दाढी करतो आणि ते भोक माझ्याकडे बघत असतं. मला एकदा तुझ्या शेजारी त्याच्याएवढं उभं राहायचंय. बस्स."

"कोण चार बोटं उंच?"

"तोच. पहिला."

ती त्याच्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता ही रडणार. पण तिने डॉक्टरांच्या टेबलावर थर्मास ठेवला आणि म्हणाली, "अहो, ते तर तुमच्यापेक्षाही बुटके होते."

डॉक्टरांनी हातातलं हाड टेबलावर ठेवलं.

"ते बसलेले असायचे म्हणून कळायचं नाही कुणाला. खाली उतरले की प्रवासी हसायचे. इथपर्यंत यायचे माझ्या." तिने आपल्या खांद्याला हात लावून दाखवला.

"मग खिळा?" भावाने विचारलं. "आरशाचा खिळा?"

"तो माझ्यासाठी. लग्न झालं तेव्हा त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, माझ्या डोळ्यांपाशी खूण केली आणि स्टूलवर चढून खिळा मारला. फळ्यापण माझ्या हाताला येतील अशा. स्टूल त्यांचं होतं, माझं नव्हे."

"आणि तो दाढी कुठे करायचा?"

"डेपोत, बसच्या आरशात. म्हणायचे, दिवसभर आरशातच बघतो, घरी आणखी कशाला?"

मी तिच्याकडे बघत होते. तिची उंची रोज आमच्या डोळ्यांसमोर होती, भावापेक्षा बरोबर चार बोटं जास्त. टेप घेऊन फिरणारे आम्ही दोघं, आणि आरसा बाईच्या डोळ्यांना लावलेला असेल हे एकदासुद्धा आमच्या डोक्यात आलं नाही. आणि मग मला तिचे ते मोडलेले गुडघे आठवले. वाकून केस बांधणं आठवलं. शेजारणीपुढे केलेली नक्कल आठवली आणि कानशिलं तापली.

"मग मी आरसा खाली घेतला तेव्हा बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय बोलायचं? तुम्हालाही चेहरा बघायचा असेल. माझं काय, मी वाकते थोडी."

डॉक्टरांनी हाडाचे दोन तुकडे जोडून खणात ठेवले. "तारीख द्यायला नको ना?" ते म्हणाले. भावाने मान हलवली.

मला वाटलं, सुटलो. डोक्यावरचं ओझं उतरलं, आता तरी हा माणसात येईल. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी, मी मागे. दुसऱ्या दिवशी दुकानात काच कापायला घेतली आणि दोनदा वाकडी कापली.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "बुटका निघाला ना? तुझ्याहून बुटका! आता कशाला जळतोस?"

त्याने काच बाजूला ठेवली. "उंच असता तर परवडलं असतं, ताई. उंची काही त्याने मिळवली नव्हती, ती जन्माची. पण खिळा त्याने स्वतः मारला. आणि मी पहिल्याच दिवशी तो उपटून खाली आणला." त्याचे डोळे भरले होते. "यावर कुठला डॉक्टर काय करणार?"

मला त्याची कीव आली. आणि थोडा हेवाही वाटला, का ते विचारू नका. माझ्यासाठी आजवर कुणी कुठे खिळा मारलेला मला आठवेना. माझ्या खोलीतला आरसासुद्धा वडिलांच्या उंचीचा आहे.

सुट्टीच्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं, ओळंबा धरायला. बायकोला त्याने अनवाणी भिंतीशी उभं केलं. पेन्सिलीने खूण करायला त्याला तेच गुळगुळीत स्टूल घ्यावं लागलं. क्षणभर त्याने स्टूलकडे बघितलं आणि दात आवळून वर चढला. खूण केली, मोजलं, मध्य काढला. खिळ्याची जागा नेमकी जुन्या भोकाच्या शेजारी आली, एका बोटावर, त्याच रेषेत. त्याने नवा खिळा काढला.

"अहो, भोक आहे की तयार," ती म्हणाली. "कशाला भिंत पाडताय?"

"त्यातलं प्लास्टर सैल झालंय. धरणार नाही."

तीन ठोक्यांत खिळा बसला. आरसा टांगला. ती समोर उभी राहिली, पाठ सरळ, गुडघे सरळ, आणि केसांवरून हात फिरवत तिने स्वतःकडे नुसतं बघितलं, बराच वेळ. तो स्टूलवरून उतरून तिच्या मागे उभा होता. आरशात त्याचं फक्त कपाळ दिसत होतं.

"तुम्ही दाढी कुठे करणार?" तिने विचारलं.

"दुकानात. तिथे काय आरशांना तोटा आहे?"

हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आता रोज सकाळी तो आधी माझ्याकडे येणार होता. ती चहा करायला आत गेली, हातोडी पिशवीत टाकून तोही तिच्यामागे गेला. मी आरसा जरासा बाजूला सरकवला आणि त्या जुन्या भोकात करंगळीचं नख घालून बघितलं. प्लास्टर मुळीच सैल नव्हतं. अजून शंभर वर्षं आरसा पेललं असतं.